नाशिकच्या ठेकेदार-पुरवठादारांना खुले पत्र: स्टेटमेंटमधली ती अनोळखी वजावट

प्रति,
सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी परिसरातील लघुउद्योजक. तसेच मनपा, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा खात्यांची कामे घेणारे ठेकेदार व पुरवठादार.

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर वह्या जुळवायला बसले की सस्पेन्स खात्यात, म्हणजे खुलासा न झालेल्या रकमांच्या खात्यात, एखादी नोंद हमखास पडलेली असते. बँकेच्या स्टेटमेंटवर तारीख ३, रक्कम १४,१६०, आणि पुढे कोणत्या तरी प्रायव्हेट लिमिटेडचे निम्मे कापलेले नाव. मालक म्हणतात, मी असे काही घेतलेच नाही. अकाउंटंट म्हणतो, बिल नाही. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तेवढीच रक्कम पुन्हा जाते. अशा नोंदींपैकी पुष्कळशा निविदांची माहिती पुरवणाऱ्या ऑनलाइन सेवांच्या वर्गणीच्या निघतात. सिंहस्थामुळे २०२७ पर्यंत नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला कामांच्या निविदा निघतच राहणार, आणि त्यामागे 'टेंडर अलर्ट' विकणाऱ्यांचे फोनही येत राहणार. म्हणून हे पत्र.

आधी एक विनंती. अशी नोंद दिसली की लगेच 'फ्रॉड' म्हणून कार्ड ब्लॉक करू नका. चोरी असेल तर ते करायचेच. पण बहुतेक वेळा ही वर्गणी तुमच्याच कार्यालयातल्या कोणीतरी, कधीतरी, ओटीपी देऊन सुरू केलेली असते. बँकेत तुम्ही 'हा व्यवहार मी केलाच नाही' असे लिहून देता, कंपनी पहिल्या व्यवहाराचा ओटीपीचा पुरावा पुढे करते, आणि तुमची तक्रार निकाली निघते. खरी तक्रार वेगळी होती, ती मांडलीच गेली नाही. तेव्हा पैसे कोणी नेले आणि कोणत्या वाटेने नेले, एवढे आधी शोधा. अर्ध्या तासाचे काम आहे.

नावापासून सुरुवात करू. संकेतस्थळाचे नाव एक, कंपनीचे नोंदणीकृत नाव दुसरे आणि स्टेटमेंटवर तिसरेच, हे अगदी नेहमीचे आहे. मध्ये पेमेंट गेटवे असेल तर आधी रेझरपे, पेयू, बिलडेस्क किंवा सीसीअ‍ॅव्हेन्यू यांच्यापैकी कोणाचे तरी नाव किंवा त्याची आद्याक्षरे येतात आणि विकणाऱ्याच्या नावाला जेमतेम आठ-दहा अक्षरांची जागा उरते. त्यामुळे ते नाव गुगलवर टाकून काही मिळाले नाही तर कंपनी बोगस आहे असा अर्थ काढू नका.

नावापेक्षा रक्कम जास्त बोलते. तिला १.१८ ने भागा. १४,१६० ला भागले की बरोबर १२,००० येतात. वर २,१६० जीएसटी. ५,९०० म्हणजे ५,००० अधिक ९००, आणि ११,८०० म्हणजे १०,००० अधिक १,८००. भागाकार असा गोल आला तर ते १८ टक्के जीएसटी लावलेले कोणाचे तरी पॅकेज आहे, आणि त्याचे बिलही कुठेतरी तयार झालेले आहे असे धरून चला. आकडा वेडावाकडा असेल, शिवाय दोन-तीन दिवसांत फॉरेक्स मार्कअपची, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक लावते त्या शुल्काची, छोटी नोंद आली असेल, तर विकणारा परदेशी आहे. तिथे जीएसटीचा हिशेबही निराळा, रिव्हर्स चार्जचा (कर विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा), आणि तो तुमच्या सीएंना आठवणीने सांगावा लागतो.

हीच रक्कम वाटही सांगते. कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून दर वेळी ओटीपी वा पिन न विचारता आपोआप जाणाऱ्या वजावटीला रिझर्व्ह बँकेने जून २०२२ पासून १५,००० रुपयांची मर्यादा ठेवली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विमा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल या तिघांसाठी ती १ लाखापर्यंत वाढवली. निविदा-माहितीची वर्गणी त्यात बसत नाही. त्यामुळे १४,१६० मुकाट्याने जाऊ शकतात, १७,७०० जाऊ शकत नाहीत. १५,००० च्या वरची रक्कम गेली असेल तर दोनच शक्यता: कोणीतरी त्या दिवशी ओटीपी दिला आहे, किंवा खात्यावर नॅचचा मॅन्डेट (बँक खात्यातून ठरावीक वेळी रक्कम परस्पर नेण्याची कंपनीला दिलेली मंजुरी) आहे. नॅच असेल तर नोंदीच्या सुरुवातीला 'एसीएच' किंवा 'नॅच' अशी अक्षरे असतात. करासह १५,००० च्या किंचित आत बसणारी पॅकेजे इतकी का दिसतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आता जीएसटी पोर्टल उघडा. जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जे विवरण पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होते त्यात, तुमच्या जीएसटी क्रमांकावर कोणी किती बिल फाडले ते पुरवठादाराच्या नावासह दिसते. करपात्र रक्कम १२,००० असलेली ओळ शोधा. मिळाली की पुरवठादाराचा जीएसटीआयएन घ्या आणि पोर्टलवर लॉगिन न करता जो 'सर्च टॅक्सपेअर' आहे त्यात टाका. कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही समोर येतात, आणि बहुतेक वेळा कोडे इथेच सुटते. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, ०७ दिल्ली, २९ कर्नाटक. राज्याबाहेरचा असेल तर बिलात आयजीएसटी दिसेल, महाराष्ट्रातला असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे-निम्मे.

२बी मध्ये ओळ नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. पुरवठादार तिमाही विवरण भरणारा असेल तर त्याचे बिल तिमाही संपल्यावरही येऊ शकते. दुसरे कारण जास्त त्रासाचे: वर्गणी घेताना कोणीतरी कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकलाच नाही, स्वतःच्या नावाने खाते उघडले. मग ते बिल जीएसटी क्रमांक नसलेल्या ग्राहकाला झालेली विक्री म्हणून दाखवले जाते, तुमच्या २बी मध्ये कधीच येत नाही, आणि २,१६० रुपयांचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीबद्दल तुमच्या करात मिळणारी सूट, बुडते ते वेगळेच. उलट, बिल तुमच्या क्रमांकावर आहे पण तुम्हाला ते मान्य नाही, असे असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर सुरू झालेल्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये ते 'रिजेक्ट' करता येते. त्याने पैसे परत मिळत नाहीत. पण बिल तुम्ही नाकारल्याची नोंद विकणाऱ्याला त्याच्या बाजूने दिसते, आणि मग फोन न उचलणारे उचलायला लागतात. मात्र सेवा खरोखर वापरली असेल तर हे करू नका.

कोणी सुरू केले, हा तिसरा प्रश्न. वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या टेंडर क्लार्कचा ई-मेल आयडी, निविदा भरून देणाऱ्या बाहेरच्या माणसाचा आयडी, किंवा मालकांच्या मुलाचा. यांपैकी एखाद्यावर स्वागताचे मेल, बिले, नूतनीकरणाच्या सूचना सगळे व्यवस्थित गेलेले असते. तुमच्या आणि जुन्या मेलबॉक्समध्ये 'सबस्क्रिप्शन', 'रिन्यूअल', 'टॅक्स इन्व्हॉइस', 'ट्रायल' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. स्पॅमचे फोल्डरही बघा. सुरुवात बहुधा दोन प्रकारे झालेली असते. एक तर १ किंवा ९९ रुपयांची सात दिवसांची चाचणी, जिच्या शेवटी वार्षिक पॅकेज आपोआप लागते. नाहीतर फोनवरची विक्री: समोरचा पेमेंट लिंक पाठवतो, तुम्ही एका वर्षाचे पैसे भरतो असे समजून ओटीपी देता, आणि त्या पानावर 'दर वर्षी आपोआप' ही बारीक अक्षरांतली चौकट आधीच टिक केलेली असते. सुरुवातीला एकाच राज्याचे पॅकेज, मग 'सगळी राज्ये', मग 'बिड सपोर्ट' वेगळा, असे तुकड्या-तुकड्यानेही वाढते. तेव्हा एकाच कंपनीच्या दोन-तीन वजावटी सापडल्या तर गोंधळू नका.

जाता जाता: निविदा भरून देणाऱ्याकडे तुमचे डिजिटल सहीचे टोकन पिनसह महिनोन्महिने पडून असेल तर ते आजच परत आणा. वर्गणीचा प्रश्न त्यापुढे किरकोळ आहे.

बंद कसे करायचे ते वाटेवर ठरते, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये 'ई-मॅन्डेट', 'रिकरिंग पेमेंट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' अशा नावाखाली यादी असते. काही बँकांनी त्यासाठी वेगळे संकेतस्थळ ठेवले आहे, त्याची लिंक वजावटीपूर्वीच्या एसएमएसमध्ये असते. तिथून मॅन्डेट रद्द करताना ओटीपी येतो, तो बँकेचाच, तो द्यायला हरकत नाही. नवीन कार्ड आले म्हणजे जुना मॅन्डेट मेला, असे धरू नका. यादी उघडून बघा.

यूपीआय असेल तर ज्या ॲपवरून मंजुरी दिली त्यात 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' मध्ये जाऊन पिन टाकून 'रिव्होक' करा. ॲप काढून टाकले, फोन बदलला, एवढ्याने मॅन्डेट जात नाही. 'पॉज' केलेलाही जात नाही, तो पुन्हा सुरू होऊ शकतो.

नॅच असेल तर मात्र बँकेतच जावे लागते, निदान चालू खात्याच्या बाबतीत. तुमच्याकडे मॅन्डेटचा यूएमआरएन असायला हवा, हा २० अक्षरांचा क्रमांक. नेटबँकिंगच्या मॅन्डेट यादीत तो असतो; नसेल तर शाखेत स्टेटमेंटची ओळ दाखवून मागा. अर्जात 'मॅन्डेट रद्द करावा' असेच लिहा. 'पेमेंट थांबवा' लिहिले तर एक हप्ता थांबतो आणि पुढचा जातो. मॅन्डेटवरची कमाल रक्कमही तेव्हाच वाचून घ्या. ती वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त असू शकते आणि सही करताना कोणी पाहिलेली नसते. खाते रिकामे ठेवून हप्ता परतवण्याची युक्ती तर करूच नका. परत गेलेल्या प्रत्येक नॅचला बँक दंड लावते, त्यावर जीएसटी लावते, आणि कंपनी तोच हप्ता पुन्हा टाकू शकते.

मॅन्डेट बंद झाला म्हणजे करार संपला, असे होत नाही. वाट बंद केली, वर्गणी चालूच राहिली, तर थकबाकीची पत्रे येत राहतात. म्हणून त्याच दिवशी कंपनीला मेल करा. फोनवर सांगून भागत नाही. फोनवर 'नोंद घेतली' म्हणणाऱ्याची नोंद तुमच्याकडे नसते. मजकूर इतकाच पुरे:

"आमच्या नावावरील वर्गणी, ग्राहक क्रमांक अमुक, आजपासून रद्द करावी. दिनांक ३ रोजी १४,१६० रुपयांची वजावट नूतनीकरणास आमची संमती न घेता झाली आहे. त्या तारखेनंतर सेवेचा वापर झालेला नाही; लॉगिनची नोंद आपल्याकडे असल्यास पाठवावी. रक्कम मूळ मार्गानेच परत करावी व क्रेडिट नोट आमच्या जीएसटी क्रमांकावर काढावी. सात दिवसांत उत्तर न आल्यास बँकेकडे विवाद दाखल करू."

यातले 'लॉगिनची नोंद पाठवावी' हे वाक्य गाळू नका. वाद तिथेच मिटतो किंवा तिथेच हरतो. आणि लॉगिन झालेले असेल, अलर्टमधून एखादी निविदा भरलीही असेल, तर पूर्ण रकमेचा हट्ट सोडून उरलेल्या महिन्यांचा परतावा मागा. तो मिळण्याची शक्यता जास्त.

बँकेकडे जाताना कारण नेमके द्या. 'अनधिकृत व्यवहार' हे कारण फक्त तेव्हाच, जेव्हा तुमच्या कोणीही, कधीही मंजुरी दिलेली नाही. तसे असेल तर घाई करा: रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तुम्ही सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत भुर्दंड तुमचा, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणावर. नागरी सहकारी बँकांनाही डिसेंबर २०१७ मध्ये हाच नियम लागू झाला, तेव्हा शाखेत 'आमच्याकडे तसे नसते' असे उत्तर मिळाले तर ऐकून घेऊ नका.

मंजुरी दिली होती पण आधीच रद्द केली होती, असे असेल तर कारण 'रद्द केलेली आवर्ती वजावट' हे. इथे तारखांचा खेळ आहे. रद्द केल्याचा मेल १ तारखेचा आणि वजावट ३ ची, तर बाजू भक्कम. मेल ५ चा असेल तर लंगडी. कार्डाच्या विवादाला साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँक आपली अंतर्गत मुदत त्याहून कमी ठेवते. महिनाभराच्या आत दाखल करा. नॅचला कार्डासारखी चार्जबॅकची (बँकेमार्फत विकणाऱ्याकडून पैसे परत घेण्याची) सोय नाही, हे आधीच समजून घ्या. तिथे भांडण कंपनीशीच.

आणखी एक हत्यार बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ई-मॅन्डेटच्या नियमाप्रमाणे वजावटीच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला सूचना द्यायची असते: विकणाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख, कारण आणि ती वजावट नाकारण्याची सोय, असे सगळे त्यात हवे. ही सूचना आली होती का, कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, हे बँकेला लेखी विचारा. बँकेत अजून जुन्या अकाउंटंटचा मोबाइल नोंदलेला असेल तर सूचना त्याला गेली असणार, आणि ती चूक आपली. पण सूचना पाठवल्याचा पुरावाच बँकेला देता आला नाही, तर तुमची तक्रार एकदम जड होते. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही.

ग्राहक कायद्याचे काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' (ग्राहकाला फसवून नको ते निवडायला लावणारी ऑनलाइन रचना) रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात मोजलेल्या १३ प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे: रद्द करण्याचे बटण लपवणे, रद्द करायची वाट लांबलचक ठेवणे, फुकट चाचणीसाठी आधी कार्डाची माहिती घेणे. नियम चांगला आहे. अडचण अशी, की २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा 'ग्राहक' या व्याख्येबाहेर जाते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण कायद्याच्या शब्दांत ती वस्तूंच्या संदर्भात लिहिलेली आहे. तरीही एकटा प्रोप्रायटर ठेकेदार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करून बघू शकतो. प्रायव्हेट लिमिटेडने त्यावर फार भिस्त ठेवू नये. कंपनीला लिहिताना मात्र या तत्त्वांचा उल्लेख जरूर करा.

परतावा मागितल्यावर एक नवा धोका सुरू होतो. 'रिफंड विभागातून बोलतोय' म्हणून फोन येतो आणि स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला सांगतात, किंवा यूपीआयवर 'पैसे स्वीकारण्यासाठी' पिन टाकायला लावतात. पैसे येताना पिन लागत नाही. खरा परतावा ज्या वाटेने पैसे गेले त्याच वाटेने येतो, आणि कार्डाचा असेल तर कंपनी तुम्हाला २३ आकडी एआरएन, म्हणजे परताव्याचा माग काढण्याचा क्रमांक, देऊ शकते; तो क्रमांक बँकेला दिला की पैसे कुठे अडकले ते कळते. फसवणूक झालीच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन.

प्रत्येक अनोळखी मागणी म्हणजे वजावटही नसते. मेलवर आलेला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस ही नुसती मागणी आहे. राज्याच्या ई-निविदा पोर्टलच्या नावाने 'आपली महाटेंडर नोंदणी संपत आहे, ७,०८० भरा' असे काही आले तर पाठवणाऱ्याचा पत्ता शेवटपासून वाचा. 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' वर संपत नसेल तर तो सरकारी नाही, मग नावात 'ई-प्रोक्युअरमेंट' कितीही वेळा असो. जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) विक्रेता म्हणून नोंदणीला किंवा उद्यम नोंदणीला कोणालाही वर्गणी द्यावी लागत नाही.

आणि ही सेवा घ्यावी का? चार राज्यांत पुरवठा करणाऱ्याला, रेल्वेपासून वीजनिर्मितीपर्यंत दहा पोर्टलांवर नजर ठेवणाऱ्याला ती परवडते. एक शुद्धिपत्रक हुकले आणि बोली बाद झाली, तर १२,००० काहीच नाहीत. पण ज्याचे सगळे काम नाशिक मनपा, जिल्हा परिषद आणि बांधकाम खात्यात आहे, त्याला महाटेंडर्सवर लॉगिन न करताही 'टेंडर्स बाय ऑर्गनायझेशन' मध्ये जाऊन रोज सगळे बघता येते. मुखपृष्ठावर ताजी शुद्धिपत्रकेही असतात. केंद्राच्या खात्यांसाठी सीपीपी पोर्टल, रेल्वेसाठी आयआरईपीएस. पाहायला कुठेच पैसे नाहीत. शोधताना नाशिकचे इंग्रजी स्पेलिंग दोन्ही तऱ्हेने टाका, एच घालून आणि एच न घालता. रेल्वे आणि काही केंद्रीय कार्यालये अजून जुनेच स्पेलिंग वापरतात. पैसे भरून घेतलेल्या अलर्टमध्येही एकच कीवर्ड असेल तर नाशिकरोडचीच निविदा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. वर्गणी ठेवायची ठरवली असेल तर आज एवढे तरी दुरुस्त करून घ्या.

कळावे,

हिशेब, जीएसटी व ई-निविदांचे काम करणारे काही जण
नाशिक